वाचकांचे प्रश्न : खालच्या लीगमधला गुणी फुटबॉलपटू कसा ओळखावा?

इंग्लंडमध्ये दिवसा नोकरी किंवा कामधंदा सांभाळून संध्याकाळी आणि शनिवारी मैदानात उतरणारे हजारो फुटबॉलपटू आहेत. या अर्धव्यावसायिक लीगमधून गुणी खेळाडू कसे शोधले जातात, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. काही पत्रांत कोल्हापूरच्या तालीम संघांचा आणि गोव्यातल्या क्लबांचा उल्लेख होता, तेव्हा त्या प्रश्नांचाही यात समावेश केला आहे.

प्रश्न : पुढे लेस्टर सिटीबरोबर इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकणारा आघाडीवीर जेमी वार्डी पंचविशीत येईपर्यंत कोणत्याही मोठ्या क्लबच्या नजरेस कसा पडला नाही? जिथे शाळेच्या सामन्यांनाही स्काउट, म्हणजे क्लबांसाठी गुणी खेळाडू शोधणारे लोक, हजर असतात, अशा देशात हे घडूच कसे शकते?
— एक वाचक, नाशिक

वार्डी कोणाच्या नजरेस पडला नव्हता, असे म्हणता येणार नाही. शेफील्ड वेन्सडे या जुन्या आणि नामवंत क्लबच्या युवा संघात तो होता आणि सोळाव्या वर्षी, अंगापिंडाने लहान आहे म्हणून, त्याला तेथून कमी करण्यात आले. म्हणजे तो पाहिला गेला होता, पारखला गेला होता आणि नाकारलाही गेला होता. माझ्या मते खालच्या लीगमधल्या बहुतेक गुणी खेळाडूंची अडचण नेमकी हीच असते. ज्याला कोणी पाहिलेलेच नाही त्याच्याविषयी निदान कुतूहल तरी असते. पण ज्याच्या नावावर एकदा नकाराचा शिक्का बसला, त्याच्याकडे पुन्हा नव्याने पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. सोळाव्या वर्षी दिलेला निकाल बराचसा त्या वेळच्या शरीराविषयीचा असतो, आणि काही मुलांचे शरीर त्यानंतरही दोन-तीन वर्षे भरत राहते, हे माहीत असूनही तो निकाल कायमचा धरला जातो.

इंग्लंडची रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. प्रीमियर लीग आणि तिच्या खालचे तीन विभाग मिळून ९२ क्लब होतात आणि हे सारे पूर्णवेळ व्यावसायिक आहेत. पाचव्या पायरीवर नॅशनल लीग आहे, तिच्या खाली तिचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग, आणि त्याखाली नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न व इस्थमियन या प्रादेशिक लीग आपापल्या उपविभागांसह पसरलेल्या आहेत. पाचव्या पायरीवरच्या अनेक क्लबांत आता पूर्णवेळ खेळाडू असतात. त्याखाली मात्र बहुतेक जण नोकरी सांभाळूनच खेळतात. १९८७ पर्यंत पाचव्या पायरीच्या विजेत्याला वर घ्यायचे की नाही, हे वरच्या क्लबांच्या मतांवर ठरत असे. त्या वर्षापासून विजेत्याला थेट बढती मिळू लागली, आणि खालच्या क्लबांना चांगला खेळाडू शोधून घडवण्यात खरा अर्थ आला.

वार्डी या रचनेत आठव्या पायरीवरून वर आला. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबकडून खेळताना सुरुवातीला त्याला आठवड्याला ३० पौंड मिळत आणि दिवसा तो रुग्णांसाठी आधारपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करी. २०१० मध्ये हॅलिफॅक्स टाउनने सुमारे १५ हजार पौंड देऊन त्याला घेतले, पुढच्याच वर्षी फ्लीटवुड टाउनने सुमारे दीड लाख पौंड मोजले, आणि फ्लीटवुडकडून लीगमध्ये ३१ गोल करून क्लबला चौथ्या पायरीवर नेल्यावर २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्याच्यासाठी १० लाख पौंड दिले. ९२ क्लबांबाहेरच्या खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. दोन वर्षांत किंमत १५ हजारांवरून १० लाखांवर गेली, पण या दोन वर्षांत खेळाडू काही तेवढ्या पटीने सुधारलेला नव्हता. प्रत्येक पायरीवरचा क्लब आपल्याच लगतच्या खालच्या पायरीकडे पाहत होता आणि त्याहून खाली पाहायला सहसा कोणी तयार नव्हते.

या कथेतला एक भाग मात्र लोक विसरतात. लेस्टरमधला वार्डीचा पहिला हंगाम वाईट गेला. गोल होईनात, प्रेक्षक नाराज झाले आणि फुटबॉल सोडून द्यावा असे त्यालाही वाटू लागले. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला समजावून थांबवले. २०१५ मध्ये सलग ११ प्रीमियर लीग सामन्यांत गोल करण्याचा विक्रम, २०१६ चे विजेतेपद आणि वयाच्या ३३ व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल हे सारे त्यानंतरचे. खालून आणलेल्या खेळाडूला पूर्णवेळ सराव, आहार, वेगळ्या दर्जाचे प्रतिस्पर्धी हे सारे एकदमच सामोरे येते. त्याला रुळायला एक हंगाम द्यायची तयारी नसेल, तर त्याला आणूच नये असे मी म्हणेन.

लेस्टरच्या त्या विजेत्या संघात वार्डी एकटाच असा नव्हता. रियाद महरेझ फ्रान्सच्या चौथ्या पायरीवर कँपेरकडून खेळला होता आणि लेस्टरने त्याला ल हाव्रकडून आणले तेव्हा तो दुसऱ्या विभागात होता. न्गोलो कान्टे बुलोनकडून तिसऱ्या पायरीवर खेळून पुढे आला होता. तोही उंचीने कमी म्हणून लहानपणी मोठ्या क्लबांनी बाजूला ठेवलेला. लेस्टरसाठी खेळाडू शोधणारे स्टीव्ह वॉल्श दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला गेले असता महरेझवर त्यांची नजर गेली, हे आता सर्वश्रुत आहे. यात नशिबाचा भाग आहेच, पण दुसऱ्या विभागातल्या सामन्याला प्रत्यक्ष जाऊन बसल्याशिवाय ते नशीबही उघडले नसते.

प्रश्न : मी क्रीडाशास्त्राचा विद्यार्थी आहे. खालच्या लीगमधल्या खेळाडूचे गोल, पास, धावलेले अंतर यांची आकडेवारी पाहून निवड करता येणार नाही का? स्काउट प्रत्यक्ष मैदानावर जाऊन असे वेगळे काय पाहतो?
— एक वाचक, पुणे

आकडेवारीचा उपयोग नक्कीच आहे, पण जसजसे खाली जावे तसतशी ती विरळ होत जाते. वरच्या विभागांतील प्रत्येक सामना अनेक कॅमेऱ्यांतून टिपला जातो. सातव्या-आठव्या पायरीवर एकाच कॅमेऱ्याने दूरवरून केलेले चित्रण मिळाले तरी नशीब समजावे. शिवाय तिथले गोल कोणाविरुद्ध झाले, हे आकडा सांगत नाही. दिवसभर काम करून आलेल्या बचावपटूंविरुद्ध तीस गोल करणारा आघाडीवीर वर गेल्यावर पाचही करू शकत नाही, आणि दहाच गोल करणारा एखादा तिथे तग धरतो.

म्हणून स्काउट वर गेल्यावरही टिकतील अशा गोष्टी शोधतो. पहिल्या दहा-बारा यार्डांतला वेग सहसा टिकतो. अंगावर प्रतिस्पर्धी असताना पहिल्याच स्पर्शात चेंडू नियंत्रणात घेण्याची हातोटी टिकते. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून आजूबाजूला पाहण्याची सवयही टिकते. उलट केवळ शरीराच्या ताकदीवर मिळवलेले वर्चस्व बहुधा टिकत नाही, कारण वरच्या पातळीवर सगळेच ताकदवान असतात.

एक उदाहरण घेऊ. मंगळवारची रात्र, चिखल झालेले मैदान, दोन-तीनशे प्रेक्षक. आपण डाव्या बगलेच्या बचावपटूला पाहायला आलो आहोत. चेंडू उजवीकडे असताना सारे प्रेक्षक उजवीकडे पाहतात. स्काउटने मात्र त्या वेळी डावीकडेच पाहायला हवे. तो मुलगा आत सरकून मधल्या बचावपटूला आधार देतो, की रेषेवर उभा राहून श्वास घेतो? त्याच्याकडून चेंडू सुटला तर पुढच्या तीन सेकंदांत तो काय करतो, मागे धावतो की हात वर करून पंचांकडे पाहतो? ऐंशीव्या मिनिटाला, संघ दोन गोलांनी मागे असताना, तीच धाव तो पुन्हा घेतो का? एका रात्रीत याचे पूर्ण उत्तर मिळत नाही, म्हणून तोच खेळाडू घरच्या मैदानावर, बाहेरच्या मैदानावर, जिंकताना आणि हरताना असा वारंवार पाहावा लागतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र मैदानाबाहेर विचारायचा असतो, तो म्हणजे हा खेळाडू या पायरीवर का आहे? माझ्या दृष्टीने निवडीतले अर्धे काम या एका प्रश्नात आहे. उत्तर ‘उशिरा वाढ झाली’, ‘अठराव्या वर्षी गुडघा दुखावला’, ‘घरी कमावणारा तोच एकटा होता’, ‘ज्या गावात वाढला तिथे वरचा क्लबच नव्हता’ असे असेल, तर त्याला मागे ठेवणारे कारण आता संपलेले किंवा दूर करता येण्यासारखे असू शकते. उत्तर ‘सरावाला वेळेवर येत नाही’ असे असेल, तर ते कारण त्याच्याबरोबर वरही येते. ही उत्तरे माजी प्रशिक्षकांकडून, सामानाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाकडून, विरुद्ध संघाच्या बचावपटूंकडून मिळतात. इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजले जातात आणि उन्हाळ्यात जन्मलेली मुले आपल्याच गटातल्या मुलांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान असल्याने अकादमींत त्यांची संख्या कमी दिसते, ही गोष्ट अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिली आहे. जन्मतारखेमुळे मागे पडलेला मुलगा विसाव्या वर्षी मागे राहण्याचे काहीच कारण नसते. आपल्या अभ्यासासाठी हा विषय घेण्यासारखा आहे.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे वेड शंभर वर्षांचे आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस यांच्या सामन्यांना गर्दी मावत नाही. तरीही आमची पोरे मोठ्या क्लबांत दिसत नाहीत. स्काउट इकडे का फिरकत नाहीत?
— एक तालीम संघाचा कार्यकर्ता, कोल्हापूर

आपल्या प्रश्नातली कळकळ मला पूर्ण समजते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमधला पेठापेठांतला ईर्ष्येचा सामना ज्याने पाहिला आहे, त्याला तिथल्या खेळाडूंच्या गुणांविषयी शंका राहत नाही. पण बाहेरून येणाऱ्या निवडकर्त्याची अडचण वेगळी असते. आपले संघ वर्षानुवर्षे बहुतांशी एकमेकांशीच खेळतात. एखादा आघाडीवीर दिलबहारविरुद्ध तीन गोल करतो, हे त्याला दिसते. पण तोच खेळाडू मुंबईच्या किंवा गोव्याच्या चांगल्या बचावफळीपुढे कसा खेळेल, हे ताडायला त्याच्यापाशी काही मापच नसते. दुसरे असे की, पेठेचा अभिमान खेळाडूला बांधून ठेवतो. तालमीतला मान, घर आणि नोकरी हे सारे तिथेच असते, आणि अनिश्चित करारासाठी ते सोडायला विशी ओलांडलेला मुलगा सहजी तयार होत नाही. त्याला दोष देता येणार नाही.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तो लहान वयातच पुण्यात प्रशिक्षणाला गेला आणि तिथून पुढचा मार्ग खुला झाला. जे मुलगे सोळाव्या-सतराव्या वर्षीही कोल्हापुरातच राहतात, त्यांना बाहेरच्या निवडकर्त्यांपुढे आणायचे असेल तर काही कामे तालमींनी स्वतःच हाती घ्यावी लागतील. प्रत्येक सामन्याचे उंचावरून, संपूर्ण मैदान दिसेल असे चित्रण करावे. केवळ गोलांचे तुकडे जोडलेली चित्रफीत स्काउटच्या उपयोगाची नसते. प्रत्येक खेळाडूची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत रीतसर नोंद असावी आणि जन्मतारखेचे कागद निर्विवाद असावेत, कारण वयाच्या घोळामुळे चांगल्या खेळाडूंवरही अविश्वास दाखवला जातो. आणि हंगाम संपल्यावर निवडक संघ बाहेरच्या स्पर्धांना न्यावा, मग हरून आला तरी चालेल.

राज्याचा संघ ही तर फारच मोठी खिडकी आहे. गोव्याचा लिस्टन कुलासो साळगावकर या क्लबकडे होता, पण साळगावकरने २०१६ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली, त्यामुळे क्लबचा खेळ राज्यापुरता राहिला. राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी स्पर्धा २०१७ मध्ये गोव्यात झाली, तीत लिस्टन गोव्याकडून चमकला आणि एफसी गोवाने त्याला घेतले. पुढे हैदराबादमार्गे तो कोलकात्याला आणि भारतीय संघात पोहोचला. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपता संपता बंगालसाठी विजयी गोल करणारा मनवीर सिंग, त्यालाही एफसी गोवानेच घेतले. या दोघांचे गुण त्या एका स्पर्धेत निर्माण झाले नव्हते. निवडकर्त्यांना ते वेगवेगळ्या राज्यांच्या संघांशी ताडून पाहता आले, एवढाच फरक. जिल्ह्याच्या संघातून महाराष्ट्राच्या संघात जास्तीत जास्त मुले जातील, यासाठी केएसएने पश्चिम भारत फुटबॉल संघटनेकडे धरलेला आग्रह मला कोणत्याही सत्कार समारंभापेक्षा मोलाचा वाटतो.

प्रश्न : माझ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी एका अकादमीने कमी केले. एक गृहस्थ परदेशातल्या अर्धव्यावसायिक क्लबात चाचणी मिळवून देतो म्हणून दोन लाख रुपये मागत आहेत. काय करावे?
— एक पालक, ठाणे

पैसे देऊ नका. ज्या क्लबाला खेळाडू हवा असतो तो चाचणीसाठी खेळाडूकडून पैसे घेत नाही, आणि क्लबचे अधिकृत पत्र, व्हिसाचा प्रकार आणि मध्यस्थाचा फिफा परवाना या तीन गोष्टी लेखी मिळत नसतील तर बोलणे तिथेच थांबवावे. इंग्लंडच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट आहे: तिथल्या खालच्या लीगमध्ये खेळण्यासाठी भारतीय मुलाला कामाचा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य आहे.

एकोणिसाव्या वर्षी सारे संपत नाही. इयान राइट बावीसचा होत आला तोपर्यंत ग्रिनिच बरो या लहान क्लबाकडून खेळत होता आणि मजुरीची कामे करत होता. १९८५ मध्ये क्रिस्टल पॅलेसने त्याला घेतले तेव्हा त्या लहान क्लबाला मोबदल्यात व्यायामाच्या वजनांचा संच मिळाला, असे सांगितले जाते. पुढे आर्सेनलसाठी त्याने १८५ गोल केले. स्टुअर्ट पिअर्स वील्डस्टोनकडून खेळताना इलेक्ट्रिशियन होता. १९८३ मध्ये कॉव्हेंट्रीने त्याला घेतले आणि पुढे इंग्लंडसाठी तो ७८ सामने खेळला. आपल्याकडचा मुंबईकर राहुल भेके भारताकडून पहिला सामना खेळला तो २८ व्या वर्षी, २०१९ मध्ये, आणि त्याच वर्षी बंगळुरूला इंडियन सुपर लीग जिंकून देणारा अंतिम सामन्यातला गोल त्याचाच होता. ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये आपली अकादमी बंद केली आणि इतरांनी सोडून दिलेल्या तरुणांचा ‘ब’ संघ उभारला. पाच वर्षांनी तो क्लब प्रीमियर लीगमध्ये होता.

मुलाने शिक्षण किंवा एखादे हातचे काम सोडू नये आणि जिथे दर आठवड्याला पूर्ण नव्वद मिनिटे मैदानावर राहता येईल अशा संघात जावे, मग तो मुंबईच्या जिल्हा लीगच्या खालच्या विभागातला का असेना. मोठ्या नावाच्या संघात राखीव म्हणून बसून राहिलेला खेळाडू कोणाला दिसत नाही.

प्रश्न : आम्ही मडगावजवळ एक लहान क्लब चालवतो. चांगला मुलगा तयार झाला की मोठा क्लब येऊन घेऊन जातो आणि आमच्या हाती काहीच राहत नाही. इंग्लंडमधल्या लहान क्लबांना तरी काही मिळते का?
— एक वाचक, मडगाव

मिळते, पण आपोआप नाही. तिथल्या खालच्या लीगमधले पुष्कळ खेळाडू कराराविना खेळतात. अशा खेळाडूला घ्यायचे असेल तर दुसऱ्या क्लबाने त्याच्या क्लबाला सात दिवसांची लेखी सूचना द्यायची असते. मुदत संपली की त्याच्याशी थेट बोलता येते आणि जुन्या क्लबाला शुल्क मिळत नाही. वार्डीसाठी मिळाले तसे १५ हजार काय किंवा १० लाख काय, पौंड मिळतात ते खेळाडू कराराने बांधलेला असतो म्हणून. तेव्हा आपल्या संघातल्या दोन-तीन होतकरू मुलांशी तरी, ती अठरा वर्षांखालील असतील तर पालकांच्या सहीने, लेखी करार करावा, मानधन अगदी थोडे असले तरी. विकताना आजच्या रकमेवर अडून बसण्यापेक्षा पुढच्या विक्रीतला ठरावीक टक्का लिहून घेण्याचा आग्रह धरावा. मोठ्या क्लबालाही हे सोयीचे पडते, कारण खेळाडू यशस्वी झाला तरच त्याला पैसे द्यावे लागतात.

फिफाच्या नियमांनुसार खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात शुल्क देऊन बदली झाली की त्या शुल्काचा पाच टक्के भाग तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांच्यात वाटला जातो. हा हक्क लहान क्लबांनाही आहे, पण तो सिद्ध होतो तो नोंदीवरून. मुलगा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आपल्याकडे होता, हे संघटनेच्या दप्तरी नसेल तर दावा टिकत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी आलेल्या मुलांची नोंदणी पुष्कळ क्लब करतच नाहीत, कारण तेव्हा त्याची गरज भासत नाही. गोवा फुटबॉल संघटनेकडे आपल्या सर्व वयोगटांतील मुलांची नोंद दर हंगामाच्या सुरुवातीला करून तिची प्रत क्लबच्या दप्तरात ठेवावी, आणि जी मुले आधीच वर गेली आहेत त्यांची जुनी नोंद आहे का, हे याच महिन्यात तपासून घ्यावे.